कागदाची जास्वंद, कापडाचा मोगरा: गौरी-गणपतीच्या सजावटीसाठी घरी फुलं कशी करावीत

कागदाचं फूल करायला बसताना आधी कात्री उचलू नका. आधी कुंपणावरची एक ताजी जास्वंद तोडून आणा आणि ताटलीत ती सुटी करा. सगळ्यात खाली हिरव्या बारीक पट्ट्यांचं एक कडं दिसेल, त्याच्या वर पाच टोकांचा हिरवा पेला, मग पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली दबलेली आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीवर चढलेली असते. पाचही पाकळ्या एकाच दिशेने अशा गुंफलेल्या. मधून लांब दांडा बाहेर येतो, त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर पिवळे परागकोश आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके. एवढं एकदा नीट पाहिलं, की पुढचं निम्मं काम झालं. छापील साचा बघून केलेलं फूल आणि फूल बघून केलेलं फूल यांतला फरक लांबूनही कळतो.

नवशिक्यांनी जास्वंदीपासूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. एक तर गणपतीला ती हवीच असते. दुसरं म्हणजे गुलाबाला पंधरा-वीस पाकळ्या कापाव्या लागतात, इथे पाचच. पाकळ्या मोठ्या असल्याने बोटांना काम करायला जागा मिळते. आणि २०१८ साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरासाठी कागद आणि कापड वापरणाऱ्यांना अशी मोठी, उठून दिसणारी फुलं फार उपयोगी पडतात. पाच-सहा जास्वंदी नीट लावल्या तरी कोपरा भरतो.

सामान

लाल, पिवळा आणि हिरवा क्रेप कागद, पांढरा फेविकॉल, चांगली धार असलेली छोटी कात्री, शिवणाचा लाल आणि पिवळा दोरा, फुलांची तार आणि हिरवी फुलटेप. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, या भागांत हे सगळं एका फेरीत मिळतं. इतर गावांत मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात क्रेप आणि फेविकॉल मिळतातच. तार हार्डवेअरच्या दुकानातली चालते.

तारेचा नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक. देठाला १८ नंबरची तार घ्या, ती साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते आणि फुलाचं वजन पेलते. पानांना २६ नंबरची, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित बारीक. घरात याच जाडीची दुसरी तार असेल तर मुद्दाम नवीन आणू नका.

हिरव्या टेपबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. ती हाताला चिकट लागत नाही, म्हणून अनेकांना ती खराब आहे असं वाटतं. तिच्यात मेण असतं आणि ताणल्यावरच ते मोकळं होऊन टेप स्वतःलाच चिकटते. म्हणून गुंडाळताना एका हाताने टेप सतत ओढत राहायची आणि दुसऱ्या हाताने देठ फिरवायचा.

ग्लू गन पहिल्या फुलांसाठी नकोच. गरम गोंदाचे गोळे पाकळीच्या बुंध्याशी साचतात, तंतू लोंबतात आणि बोटं भाजतात. पाकळ्या दोऱ्याने बांधायची सवय लावा. दोरा घट्ट बसतो, जागा घेत नाही, आणि पाकळी चुकीची बसली तर सोडून पुन्हा बांधता येते.

कागदाला दिशा असते

संपूर्ण लेखातून एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: क्रेप कागद एकाच दिशेने ताणला जातो. त्याच्यावर बारीक उभ्या सुरकुत्या असतात. गुंडाळी उभी धरली तर त्या खालून वर जातात. सुरकुत्यांच्या दिशेने ओढलं तर कागद जागचा हलत नाही, आडवा ओढला तर रुंद होतो. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या नेहमी बुंध्याकडून टोकाकडे जायला हव्यात. मग पाकळी मध्ये दाबून पळीसारखी खोलगट करता येते आणि कड ओढून तिला झालर देता येते. आडव्या सुरकुत्यांची पाकळी कितीही सुबक कापली तरी सपाट पत्र्यासारखीच राहते. खऱ्या पाकळीच्या शिराही बुंध्याकडून वर जातात, त्यामुळे सुरकुत्या बरोबर धरल्या की शिरा काढायचे कष्टही वाचतात.

आपल्याकडे मिळणारा साधा क्रेप पातळ असतो. परदेशी जाड क्रेपही काही दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. त्यातला इटलीचा १८० ग्रॅमचा कागद ५० सेंमी रुंद आणि अडीच मीटर लांब गुंडाळीत येतो. तो सुंदर आहे, पण महाग. शिकायला साधाच घ्या आणि दुहेरी करा. दोन तुकडे हलकेच ताणून सुरकुत्या थोड्या मोकळ्या करा, एकावर गोंदाची कांडी फिरवा किंवा जुन्या व्हिजिटिंग कार्डाने फेविकॉलचा अगदी पातळ थर ओढा, दोन्हींच्या सुरकुत्या एकाच दिशेला ठेवून चिकटवा आणि जड पुस्तकाखाली वाळू द्या. फेविकॉलमध्ये पाणी घालू नका. या कागदाचा रंग पक्का नसतो, ओल लागली की सुटतो.

जास्वंद: दांड्यापासून सुरुवात

१८ नंबरच्या तारेचा साधारण ३० सेंमी तुकडा घ्या. लाल दोऱ्याचे पाच तुकडे तारेच्या टोकाशी असे बांधा की प्रत्येकाचा एक सेंमी भाग वर मोकळा राहील. त्या पाच टोकांना फेविकॉलचा बारीक थेंब लावा. वाळला की टोक गोल होतं. कोरड्या लाल खडूची पूड त्यावर लावली तर आणखी उठून दिसतं.

आता सेंटिमीटरभर रुंद लाल क्रेपची पट्टी तारेवर तिरकी गुंडाळत वरून सात सेंमी खालपर्यंत या. ही गुंडाळी घट्ट हवी, कारण दांडा ढिला राहिला तर पुढे सगळं फूल गोल फिरतं.

परागासाठी पिवळ्या क्रेपची एक सेंमी रुंद आणि सहा-सात सेंमी लांब पट्टी घ्या. तिच्या एका कडेला अर्ध्यापर्यंत बारीक बारीक काप द्या, म्हणजे झालर तयार होईल. न कापलेल्या कडेला गोंद लावून ती दांड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर नागमोडी गुंडाळत खाली आणा. वेढ्यांमध्ये थोडं अंतर ठेवा, खऱ्या फुलात परागकोश विखुरलेले असतात, गच्च नसतात. मग झालरीच्या टोकांना हलका फेविकॉल लावून पिवळ्या रांगोळीत बुडवा. काही जण इथे हळद लावलेला रवा वापरतात. दिसतो छान, पण पावसाळ्यात त्याला मुंग्या आणि टोके लागतात. रांगोळी दगडाची, तिला काही होत नाही.

पाकळ्या

पुठ्ठ्यावर एक साचा काढा: उंची आठ सेंमी, वरच्या बाजूला सर्वांत रुंद ठिकाणी साडेसहा सेंमी, बुंध्याशी दीड सेंमी. ताटलीतल्या सुट्या पाकळीशी तो ताडून बघा आणि हवा तर बदला. दुहेरी लाल क्रेपवर सुरकुत्या उभ्या ठेवून पाच पाकळ्या कापा.

प्रत्येक पाकळीवर तीन कामं करायची. पहिलं, दोन्ही अंगठे पाकळीच्या मध्यभागी ठेवून हलकेच बाहेरच्या बाजूला दाबत तिला खोलगटपणा द्या. जोर नको, क्रेप एकदा ताणला की मागे येत नाही. दुसरं, वरची कड चिमटीत धरून दोन्ही हात एकमेकांपासून किंचित दूर न्या, मग पुढची चिमूट. अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर असं केलं की कडेला नैसर्गिक लाट येते. तिसरं, विणकामाच्या सुईने किंवा उदबत्तीच्या काडीने वरचं टोक बाहेर वळवा. बुंध्याशी गडद लाल किंवा किरमिजी खडू बोटाने कोरडाच घासला तर फुलाला खोली येते. इथे जलरंग वापरू नका, कागद विरघळल्यासारखा होतो.

आता बांधणी. दांड्यावर लाल पट्टी संपते तिथे पहिली पाकळी धरा, बुंध्याला गोंदाचा ठिपका लावा आणि दोऱ्याचे तीन वेढे घ्या. दुसरी पाकळी पहिलीच्या उजव्या कडेवर चढवून बांधा, तिसरी दुसरीवर, चौथी तिसरीवर. पाचवी चौथीवर चढेल, पण तिची उजवी कड पहिलीच्या डाव्या कडेखाली सरकवायची. एवढ्या एका सरकवण्याने फूल फिरत उमलल्यासारखं दिसतं. पाचवी नुसती वर चिकटवून दिली तर एक पाकळी कायम पुढे आल्यासारखी वाटते आणि पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही. दोरा शेवटी घट्ट गाठून कापा.

पाकळ्यांखाली तीन सेंमी उंच हिरव्या क्रेपची पट्टी, वर पाच टोकं कापलेली, पेल्यासारखी गुंडाळा. त्याखाली सहा-सात अगदी बारीक हिरव्या काड्यांचं कडं. मग टेप ताणत देठावर खालपर्यंत. पुढची दोन-तीन फुलं केली की हात बसतो. कळी करायची असेल तर दांडा आखूड ठेवून तीन पाकळ्या एकमेकींवर पीळ देत गुंडाळा.

पान नुसतं कापू नका

हिरवा क्रेप पानाच्या आकारात कापला की शिरा सगळ्या उभ्या दिसतात, आणि जास्वंदीच्या पानाच्या शिरा तर मधल्या शिरेतून तिरक्या फुटतात. यावर सोपा उपाय आहे. दहा सेंमी उंच, सात सेंमी रुंद आयत घ्या, सुरकुत्या उभ्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका कापा. दोन त्रिकोणांपैकी एक पालथा करा आणि दोघांच्या तिरक्या कडा एकमेकींना जोडून चिकटवा, मध्ये २६ नंबरची तार ठेवून. आता सुरकुत्या मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना तिरक्या जाताना दिसतील. त्या ज्या दिशेने वर उघडतात ते पानाचं टोक धरा, पानाचा आकार कापा आणि कडेला छोटे दाते द्या. पानाला चकाकी हवी तर वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा अलगद घासा.

कापडाकडे वळताना

कागदाला जशी सुरकुती, तशी कापडाला वीण. उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर कापलेली पट्टी कडेने उसवत राहते आणि वळत नाही. शिंपी ज्याला उरेब म्हणतात तशी तिरकी, म्हणजे विणीला ४५ अंशांत कापलेली पट्टी लवचीक असते, कमी उसवते आणि चुण्या सुंदर पडतात. फुलांसाठी जवळजवळ नेहमी उरेब पट्टीच घ्यायची.

कापड कोणतं आहे हे आधी ओळखा, कारण सुती आणि कृत्रिम धाग्याची तऱ्हा वेगळी. दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. आजीच्या जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा मोगऱ्याला सर्वांत चांगला. इतकी वर्षं धुतलेलं कापड चुण्या फार छान घेतं.

सुती फुलाला आकार टिकवायला खळ हवी. पाव वाटी साबुदाणा चार वाट्या पाण्यात दाणे पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या आणि कोमट असताना कापड बुडवून हलकं पिळा. सपाट ताटावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून वाळवा, दोरीवर नको, घड्या पडतात. किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. मोगऱ्याला खळ याहून पातळ चालते, चार वाट्यांऐवजी सहा वाट्या पाणी घ्या.

मोगरा आणि गजरा

पांढऱ्या कापडाची तीन सेंमी रुंद, १४ सेंमी लांब उरेब पट्टी लांबीत दुमडा, म्हणजे दीड सेंमीची दुहेरी पट्टी होईल. दुमडीची कड वर, उसवणारी कड खाली. दुहेरी दोरा घेऊन वरच्या दुमडीपासून धावदोरा सुरू करा: खाली उतरा, खालच्या कडेने अडीच सेंमी जा, पुन्हा वर दुमडीपर्यंत चढा. दोरा दुमडीवरून पलीकडे टाकून लगेच शेजारून खाली उतरा. अशा पाच कमानी झाल्या की दोरा हळूहळू ओढा. प्रत्येक कमानीची एक गोल पाकळी होते. पहिली आणि शेवटची पाकळी जोडून गाठ मारा. दुसरी, थोडी लहान, चार पाकळ्यांची चकती करून पहिलीच्या मधोमध टाचा. टाके दोन-तीन मिलिमीटरचे, सारखे घ्या. लांब टाक्यांनी पाकळीला कोपरे येतात.

कळीला याहून सोपं. साडेतीन सेंमीच्या चौकोनात हरभऱ्याएवढा कापूस ठेवा, चारही टोकं खाली गोळा करा, दोऱ्याने आवळा आणि खाली हिरव्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या. कापसाला आधीच मोगऱ्याच्या अत्तराचा स्पर्श केला तर गजऱ्याला वासही येतो. अत्तर कापडावर लावू नका, तेलकट डाग पडतो.

गजरा करताना जाड पांढरा दोरा ताणून दोन खिळ्यांना बांधा आणि खऱ्या गजऱ्यासारखंच गुंफा: दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मध्ये गाठ, आणि चार-पाच गाठींनंतर एक उमललेलं फूल. गौरीच्या मुखवट्याला हा गजरा फार शोभतो. पुढच्या वर्षी तोच पुन्हा वापरता येतो, फक्त गुंफताना दोरा दोन्ही टोकांना वीतभर मोकळा सोडा, बांधायला लागतो.

सॅटिन आणि झेंडू

पॉलिस्टर सॅटिन किंवा ऑर्गन्झाच्या फुलाला सुई फारशी लागत नाही. सात, सहा, पाच, चार आणि तीन सेंमीचे गोल प्रत्येकी दोन-दोन कापा, प्रत्येकाला कडेने चार चिरा द्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला दोन-तीन सेंमीवर धरून फिरवा. कड वितळून आत वळते, उसवायचंही थांबते. मोठ्यावर लहान रचून मध्ये मण्यासह टाका घाला. हे काम मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून, केस बांधून, अंगावर कृत्रिम धाग्याची ओढणी नसताना, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. सुती कापडावर हा प्रयोग अजिबात नको, ते वितळत नाही, पेटतं.

झेंडूला केशरी क्रेपची सहा सेंमी रुंद आणि साठ-सत्तर सेंमी लांब पट्टी घ्या, सुरकुत्या रुंदीच्या दिशेने. वरची कड नागमोडी कापून चिमटीचिमटीने ताणा, खालच्या कडेला धावदोरा घालून चुण्या पाडा, गुंडाळा आणि बुंधा बांधा. मुलांना हे फूल लगेच जमतं. तोरणात दोन झेंडूंमध्ये आंब्याची खरी पानं ओवायची असतील तर ती आधी पुसून पूर्ण कोरडी करून घ्या.

लावताना आणि जपताना

कागद आणि कापड दोन्ही पेट घेतात. निरांजन, समई, उदबत्ती आणि कापूर यांच्या वर किंवा जवळ एकही फूल नको. आरतीचं ताट कुठून कुठे फिरतं ते एकदा रिकाम्या हाताने करून बघा आणि त्या वाटेतली फुलं मागे सरकवा. गरम होणाऱ्या दिव्यांपासूनही लांब ठेवा.

दुसरी काळजी ओलाव्याची. ओल्या दूर्वा, हाराचं पाणी, शिंपडलेलं तीर्थ लागलं की लाल क्रेप रंग सोडतो. शाडूच्या मूर्तीला आणि पीतांबराला फुलं टेकणार नाहीत अशी लावा. कोकणात आणि मुंबईत श्रावणाच्या दमट हवेत क्रेपची ताणलेली लाटही सैल पडते. म्हणून फुलं आधी करून ठेवलीत तर झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि मखरात आदल्या दिवशीच बसवा.

विसर्जनाला मूर्ती उचलण्याआधी सगळी फुलं उतरवून घ्या. तार, टेप आणि रंग पाण्यात जायला नकोत. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, देठ सरळ करा, फुलं एकमेकांवर न रचता पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा आणि मध्ये कोरा कागद चुरगळून भरा. खळ लावलेल्या कापडाला कसर लागते, त्यामुळे खोक्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर पाकळ्या दबलेल्या दिसल्या तर पुन्हा अंगठ्यांनी मध्ये दाबून, कडा चिमटीने ओढून घ्या. मोगऱ्याच्या गजऱ्याला मात्र पाण्यात टाकू नका, खळ निघून जाते. मळला असेल तर कोरड्या ब्रशने झटका आणि कळ्यांना नव्याने अत्तर लावायचं असेल तर सुईच्या टोकाने कापसापर्यंत पोहोचवा.